पोयाकची वाईन आणि उमरावती कापूस : स्थाननामाच्या मूल्याचा तौलनिक इतिहास

प्रास्ताविक

वऱ्हाडातील सर्वसामान्य शेतकऱ्यास फ्रान्समधील बोर्दो हे शहर ठाऊक असण्याचे काही कारण नाही. तथापि ‘बोर्डो’ हा शब्द मात्र त्याच्या नित्याच्या व्यवहारातील आहे. वरूड-मोर्शी पट्ट्यातील संत्रा बागाईतदार मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून झाडांच्या बुंध्यांना जो निळसर लेप लावतो, तो ‘बोर्डो पेस्ट’ या नावानेच ओळखला जातो. या मिश्रणाचा उगम बोर्दोजवळच्या मेदोक विभागातील सें-ज्युलियें या गावी झाला. १८८२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे यांना तेथील रस्त्यालगतचे द्राक्षवेल केवडा रोगापासून मुक्त असल्याचे आढळले. वाटसरूंनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडलेला होता. चोरांसाठी योजलेला उपाय रोगावर लागू पडला, आणि १८८५ मध्ये मिलार्दे यांनी तो शास्त्रीय स्वरूपात प्रसिद्ध केला.

बोर्दोचे नाव अशा रीतीने औषधाच्या रूपाने वऱ्हाडात आले. त्याच्याही आधी वऱ्हाडचे एक नाव युरोपात पोहोचले होते. लिव्हरपूलच्या कापूस बाजारात अमरावतीचा उच्चार ‘ऊमरावती’ असा केला जाई आणि त्याचे संक्षिप्त रूप ‘ऊमरा’ हे कापसाच्या एका प्रकाराचे नाव म्हणून रूढ झाले. एका शतकातील ही दोन स्थाननामे. यांपैकी एक नाव जगातील अत्यंत महाग द्राक्षमद्याच्या बाटलीवर आजही छापले जाते. दुसरे नाव आखूड धाग्याच्या, स्वस्त कापसाचे पर्यायवाची ठरून अखेर व्यवहारातून नाहीसे झाले. असे का घडले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी बोर्दो परिसरातील एका बायोडायनॅमिक द्राक्षमळ्याचे, पोयाक येथील शातो पोंते-काने याचे, उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे. बायोडायनॅमिक शेतीची चर्चा आपल्याकडे शेणखत, गोमूत्र आणि शिंगे यांपाशी येऊन थांबते. या शेतीचा खर्च नेमका कोण सोसतो, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही.

मद्याविषयी शोधनिबंध लिहावा काय, असा संकोच वऱ्हाडात वाटणे स्वाभाविक आहे. शेजारचा वर्धा जिल्हा गांधी-विनोबांच्या स्मृतीमुळे दारूबंदीचा जिल्हा आहे, आणि २०२२ मध्ये किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय तीव्र विरोधामुळे प्रत्यक्षात आला नाही. परंतु येथे वाईनचा विचार पेय म्हणून केलेला नाही. शेतमाल म्हणून केला आहे.

ऊमरा : एका नावाचा प्रसार

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून दूरवर जात असे. अमरावतीहून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत ५०० मैलांहून अधिक अंतर तांड्यांनी तोडावे लागे. १८४२ मध्ये एकट्या व्यापाऱ्याने एक लक्ष बैलांवर लादून कापूस या मार्गाने कलकत्त्यास रवाना केल्याचे गॅझेटियरमध्ये नोंदलेले आहे. मुंबईकडील व्यापार १८२५-२६ च्या सुमारास विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने सुरू केला. निजामाच्या अमलाखालील हा प्रांत १८५३ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या थकित खर्चापोटी इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला. त्यानंतर आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व प्राप्त झाले.

पुढील घटना वेगाने घडल्या. १८६७ मध्ये लोहमार्ग अकोला-बडनेरामार्गे नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये खामगावचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. त्याच वर्षी तारायंत्राने मुंबई आणि इंग्लंड जोडले गेले. मध्य प्रांत व वऱ्हाड यांसाठी हॅरी रिव्हेट-कार्नाक नावाचा स्वतंत्र कापूस आयुक्त नेमण्यात आला होता. खामगावच्या बाजारात उभा असलेला खरीददार लिव्हरपूलचा भाव जाणू लागला. मात्र ज्याच्या बैलगाडीत कापूस होता, त्याला तो भाव कळण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती.

या काळात वऱ्हाडात दोन प्रकारचा कापूस होता. ‘बनी’ हा लांब, मऊ धाग्याचा देशी कापूस. हिंगणघाटच्या नावाने प्रसिद्ध असलेला उत्कृष्ट कापूस याच जातीचा. ‘जरी’ हा आखूड व राठ धाग्याचा, पण काटक, अधिक उत्पन्नाचा आणि सरकीच्या मानाने रुईचा उतारा जास्त देणारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जरीने बनीस जवळजवळ हद्दपार केले. इंग्रज अधिकाऱ्यांनी याचे खापर शेतकऱ्याच्या अज्ञानावर आणि व्यापाऱ्याच्या लबाडीवर फोडले. हे निदान अपुरे होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. बाजारात बनी व जरी एकत्र मिसळले जात आणि मिश्रणाला सरासरी भाव मिळे. उत्तम धाग्याबद्दल चार पैसे जास्त मिळण्याची शाश्वती नसेल, तर कमी उत्पन्न देणारे वाण जपणे हा शेतकऱ्याच्या दृष्टीने निव्वळ तोट्याचा व्यवहार होय. त्याने जरी पेरला, तो हिशेब करूनच पेरला. विसाव्या शतकाच्या आरंभी कृषी खात्यानेही हाच हिशेब मान्य केला आणि आखूड धाग्याचे, पण रुईचा भरपूर उतारा देणारे ‘रोझियम’ हे वाण प्रसारित केले. जपानच्या गिरण्यांना मिश्रणासाठी असाच स्वस्त कापूस हवा होता. बनीच्याच कुळातील गावराणी कापूस त्यानंतर मुख्यतः नांदेड-परभणीकडे टिकून राहिला.

नावाचे काय झाले, ते आता पाहता येईल. प्रारंभी ‘ऊमरावती’ म्हणजे अमरावतीच्या पेठेत खरेदी झालेला कापूस. व्यापार वाढला तसे नावाचे क्षेत्रही वाढत गेले. विसाव्या शतकातील सरकारी सांख्यिकीत ‘ऊमरा’ या एकाच शीर्षकाखाली वऱ्हाड, मध्य प्रांत, खानदेश, मध्य भारत, बार्शी-नगर आणि हैदराबाद संस्थान येथील कापूस घातलेला दिसतो. नर्मदेपलीकडील प्रदेशापासून भीमेच्या खोऱ्यापर्यंतचा कापूस अमरावतीच्या नावाने मोजला जाऊ लागला! हा गौरव नव्हता. नाव जेवढे पसरले, तेवढा त्यातील अर्थ पातळ झाला. कारण ते नाव व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी होते आणि त्याची सीमा ठरविण्याचा अधिकार पिकविणाऱ्या कोणाकडेही नव्हता.

भेसळीविरुद्ध कायदे झाले नाहीत असे नाही. मुंबई इलाख्यात १८६३ मध्येच कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करण्यात आला होता. पुढे सुमारे दोन दशकांत तो रद्द झाला. १८८६ मध्ये कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा पूर्वज म्हणून या कायद्याचा अभिमानाने उल्लेख केला जातो, व तो योग्यच आहे. परंतु त्या समित्या नगरपालिकेचे सदस्य आणि कापसाचे व्यापारी यांच्या होत्या. उत्पादकांना त्यांत स्वतंत्र स्थान नव्हते. वजनमाप, अडत, हमाली यांचे नियमन झाले. कोणत्या गावचा, कोणत्या वाणाचा कापूस कोणत्या नावाने विकावा, हा विषय त्यांच्या कक्षेत आलाच नाही.

पोयाक : एका नावाचा संकोच

बोर्दोचा प्रारंभही व्यापाऱ्यांपासूनच होतो, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत बोर्दोच्या तांबड्या वाईनची जी सुप्रसिद्ध प्रतवारी करण्यात आली, ती दलालांनी केली आणि तिचा आधार त्या वेळचे बाजारभाव हा होता. मेदोक विभागातील मळ्यांचे (आणि ग्राव्हमधील एकाचे) पाच वर्ग पाडण्यात आले. ही प्रतवारी आजही प्रचलित असून तीत १९७३ मध्ये शातो मुतों-रोथशिल्ड यास दुसऱ्यातून पहिल्या वर्गात बढती मिळाली, हा एकच मोठा बदल झाला. पोयाक गावचा शातो पोंते-काने पाचव्या वर्गात आहे. या यादीचे वैशिष्ट्य तिच्यातील एककात आहे. यादीत नोंदले गेले ते मळे. प्रत्येक मळ्याला मालक होता, सीमा होती, नाव होते. लिव्हरपूलच्या यादीत पेठा आणि प्रांत होते. दलालांनीच केलेल्या या दोन याद्यांचे परिणाम इतके भिन्न व्हावेत, याचे कारण बव्हंशी या फरकात सापडते.

तरीही नावाचे संरक्षण आपोआप झाले नाही. १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त करण्यास प्रारंभ केला. वाईनचा तुटवडा पडला. साखर, पाणी व बेदाणे यांपासून बनविलेली बनावट वाईन बाजारात आली आणि मळे सावरल्यानंतरही ती हटली नाही. १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्समधील लाखो द्राक्ष उत्पादक मार्सलें आल्बेर या लहानशा शेतकऱ्याच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले. नार्बोन येथे सैन्याच्या गोळीबारात माणसे मेली. १९११ मध्ये शांपान्य प्रांतात दंगली झाल्या. त्यांचे कारणच मुळी ‘शांपान्य’ हे नाव कोणत्या गावांना वापरता येईल, हे होते. १९०५ चा भेसळविरोधी कायदा, १९१९ चा स्थाननामविषयक कायदा आणि अखेर १९३५ ची नियंत्रित स्थाननामांची व्यवस्था या सगळ्यांमागे हा रक्तरंजित इतिहास आहे. १९३५ नंतर बाटलीवर ‘पोयाक’ लिहावयाचे तर द्राक्षे त्या सीमेतील हवीत, वाण ठरावीक हवेत आणि हेक्टरी उत्पन्न मर्यादेत हवे. ऊमराचे क्षेत्र ज्या काळात विस्तारत होते, त्याच काळात पोयाकचे क्षेत्र कायद्याने आकसत होते.

कायदा झाल्यावरही नाव घसरू शकते, हे पोंते-कानेच्याच इतिहासावरून दिसते. १८६५ पासून शतकाहून अधिक काळ हा मळा बोर्दोमधील क्रूझ या व्यापारी घराण्याकडे होता. मळ्यावरच बाटल्या भरण्याची प्रथा त्यांनी फार उशिरापर्यंत स्वीकारली नाही. वेगवेगळ्या वर्षांची वाईन एकत्र करून ती रेल्वेच्या भोजनगाड्यांना पुरविली जाई. १९७३ मध्ये बोर्दोत उघडकीस आलेल्या भेसळ प्रकरणात या पेढीचे नाव गोवले गेले आणि १९७५ मध्ये मळा ग्वी तेसेरों यांच्याकडे गेला. म्हणजे मिश्रण, निनावी विक्री आणि भेसळ ही दुखणी वऱ्हाडातील कापसाचीच होती असे नव्हे. फरक एवढाच की, पोयाकमध्ये नाव शिल्लक होते. नव्या मालकाला ते पुन्हा उभे करता आले.

१९२४ : दोन प्रयोग, एक वर्ष

या नव्या मालकाच्या पुढच्या पिढीने, आल्फ्रेद तेसेरों यांनी, आपले मळा-व्यवस्थापक जां-मिशेल कोम यांच्या आग्रहावरून २००४ मध्ये बायोडायनॅमिक पद्धत स्वीकारली. या पद्धतीचे मूळ रुडॉल्फ श्टाइनर यांनी जून १९२४ मध्ये कोबरवित्झ (सध्या पोलंडमध्ये) येथे दिलेल्या आठ व्याख्यानांत आहे. श्टाइनर हे शेतकरी नव्हते, शास्त्रज्ञही नव्हते. ते अध्यात्मवादी विचारवंत होते. शेत हे स्वयंपूर्ण शरीर आहे, त्याचे खत त्याच्यातूनच निर्माण व्हावे, जनावरांशिवाय शेत अपुरे होय, हा त्यांच्या विचाराचा व्यवहार्य भाग. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरावे, वसंतात काढून त्यातील अल्पसा अंश पाण्यात तासभर दिशा बदलत घुसळून शिंपडावा, चंद्र व ग्रहांच्या स्थितीनुसार कामे करावीत, हा त्याचा गूढ भाग.

याच १९२४ साली, कोबरवित्झपासून हजारो मैल दूर, इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती उद्योग संस्थेचे काम सुरू केले. या संस्थेस भारतीय मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थाने यांचे अर्थसाहाय्य होते. तिचे मुख्य पीक कापूस आणि जमीन वऱ्हाडसारखीच काळी. कंपोस्टची जगप्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ येथेच सिद्ध झाली. १९३१ मध्ये त्यासंबंधीचे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा हॉवर्ड यांचे सहलेखक होते यशवंत वाड. सेंद्रिय शेतीच्या पाश्चात्त्य इतिहासांत हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र आढळते, वाडांचे क्वचितच. कापसाच्या पैशातून, कापसाच्या मातीत जन्मलेली ही पद्धत पुढे इंग्लंडमार्गे जगभर गेली. पण जेथील कापसाने तिला पोसले, तेथील शेतकऱ्याच्या पदरात तिच्यामुळे जादा भाव पडला नाही. वऱ्हाडात ती प्रामुख्याने सरकारी प्रात्यक्षिकाचा विषय म्हणूनच राहिली.

बायोडायनॅमिक पद्धतीच्या परिणामांविषयी जे शास्त्रीय ज्ञान आहे, त्यात स्वित्झर्लंडमधील तेरविल येथे १९७८ पासून चालू असलेली तुलनात्मक चाचणी विशेष महत्त्वाची आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या २१ वर्षांच्या निष्कर्षांनुसार सेंद्रिय व बायोडायनॅमिक शेतात उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी घटले. मात्र खते व ऊर्जा ३४ ते ५३ टक्के आणि कीटकनाशके ९७ टक्के कमी लागली, आणि जमिनीची सुपीकता वाढली. शेणखत, आच्छादन, पिकांची फेरपालट यांचा हा परिणाम पटण्यासारखा आहे. शिंगातील शेणाचा किंवा ग्रहस्थितीचा स्वतंत्र परिणाम मात्र निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. पोंते-कानेच्या २००९ व २०१० या दोन्ही वर्षांच्या वाईनला अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १०० पैकी १०० गुण दिले, आणि २०१० मध्येच मेदोकमधील प्रतवारीप्राप्त मळ्यांपैकी बायोडायनॅमिक प्रमाणपत्र मिळविणारा पहिला मळा म्हणून त्याची नोंद झाली. या दोन गोष्टी एकत्र ठेवून कार्यकारणभाव सांगण्याचा मोह अनेकांना झाला. परंतु ती दोन्ही वर्षे संपूर्ण बोर्दोसाठीच असामान्य हवामानाची होती, याचा विसर पडू नये.

या प्रमाणपत्रामागील कथा त्याहून बोधप्रद आहे. २००७ च्या ओल्या हंगामात केवड्याने मळा ग्रासला, तेव्हा तेसेरों यांनी धीर सोडून काही भागावर रासायनिक फवारणी केली आणि प्रमाणीकरणाची वाटचाल पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली. २०१८ मध्ये केवडा पुन्हा आला. या वेळी फवारणी झाली नाही. हेक्टरी उत्पन्न १० हेक्टोलिटरच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या एक तृतीयांशापर्यंत खाली आले. मळा टिकला. येथे आणखी एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे : बायोडायनॅमिक मळ्यालाही केवड्याविरुद्ध मोरचुदाचा, म्हणजे त्याच बोर्डो मिश्रणाचा आधार घ्यावा लागतो. तांबे जमिनीत साठून राहत असल्याने युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोग्रॅमची मर्यादा घातली आहे आणि बायोडायनॅमिक संघटनेचे नियम त्याहून कडक आहेत.

एका वर्षी दोन तृतीयांश पीक गेले तरी जो मळा उभा राहतो, त्याच्या शेतीपद्धतीचे यश पद्धतीत शोधावे की त्याच्या नावात? प्रस्तुत लेखकाचे उत्तर दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. घोड्यांनी नांगरणी, हातांनी वेचणी, औषधी वनस्पतींचे काढे, त्यांसाठी लागणारे जादा मजूर, हे सर्व बाटलीच्या किमतीतून निघते. आणि ती किंमत १८५५ पासून जपलेल्या, १९३५ पासून कायद्याने रक्षिलेल्या नावातून येते.

तळघर आणि कापसाची गंजी

पोयाकच्या तांबड्या वाईनचे महत्त्व ती साठवून ठेवता येते, यात आहे. काबेर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाची साल जाड, दाणा लहान. तिच्यातील टॅनिनमुळे नवी वाईन तुरट, जिभेला कोरड आणणारी लागते. ओकच्या पिंपांत दीड-दोन वर्षे आणि त्यानंतर अंधाऱ्या, दमट, १२ ते १४ अंश सेल्सिअसच्या तळघरात आडव्या ठेवलेल्या बाटलीत वर्षानुवर्षे राहिल्यावर हे टॅनिन एकमेकांत गुंफून जड होते, गाळाच्या रूपाने तळाशी बसते, रंग जांभळ्याकडून विटकरीकडे झुकतो आणि फळाच्या वासाची जागा देवदार, तंबाखू, ओली माती अशा वासांनी घेतली जाते. आम्लता पुरेशी असेल तर हे २०-३० वर्षे चालते. सर्वच वाईनना हे भाग्य लाभत नाही. बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत प्यावयाच्या असतात. म्हणूनच साठवणक्षम वाईनच्या बाबतीत काळ हा मालकाच्या बाजूने काम करतो.

कापसाच्या बाबतीत काळ शेतकऱ्याच्या विरुद्ध काम करतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सीतादही करून पहिली वेचणी होते आणि कापूस घरात येतो. घर लहान असते. राहत्या खोलीत आढ्यापर्यंत लावलेल्या गंजीमुळे अंगाला खाज सुटते, ठिणगीची भीती असते, कापूस वाळून वजन घटते, धाग्याचा रंग पिवळसर होतो. पण यांहून मोठे कारण कर्जाचे. दिवाळीचा खर्च, बियाणे-खतांची उधारी, रब्बीची पेरणी एकाच वेळी दाराशी उभी राहते. भाव वाढण्याची वाट पाहणे ही ज्याच्याकडे दुसरे उत्पन्न आहे, त्याचीच चैन ठरते. एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडात सावकाराकडून आगाऊ पैसा घेऊन उभे पीक त्याच्या नावे करण्याची पद्धत सर्रास होती.

गंमत अशी की, बोर्दोतही आगाऊ विक्री होते. द्राक्षे तोडल्यानंतरच्या वसंत ऋतूत, वाईन अजून पिंपातच असताना, मळे ती व्यापाऱ्यांना विकतात. माल हाती येतो तो त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने. या व्यवहाराचे बाह्य रूप वऱ्हाडी आगाऊ विक्रीसारखेच आहे. पण तेथे भाव मळ्याचा मालक जाहीर करतो, आणि वाईन मुरेपर्यंतचा काळ सोसण्याचा भार गिऱ्हाइकाच्या भांडवलावर टाकला जातो. वऱ्हाडात भाव पैसे देणारा ठरवीत असे. शातो लातूर या पोयाकमधीलच प्रथमवर्गीय मळ्याने २०१२ मध्ये ही आगाऊ विक्री बंद केली. वाईन आपल्याच तळघरात मुरवून, पिण्याजोगी झाल्यावर विकण्याचा निर्णय घेतला. साठवण हे सामर्थ्य असल्याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात कापसासाठी असे सामर्थ्य निर्माण करण्याचा एक मोठा प्रयत्न झाला, तो १९७२-७३ पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या रूपाने. शेतकऱ्याच्या वतीने राज्याने माल साठवावा, विकावा आणि नफ्यातील वाटा परत द्यावा, ही तिची मूळ कल्पना. विलंबाने मिळणारे पैसे, प्रतवारीतील वाद, परराज्यांत जाणारा चोरटा कापूस आणि वाढता तोटा यांमुळे ती खचत गेली व २००२ च्या सुमारास खासगी खरेदीस मोकळीक मिळून तिचा एकाधिकार संपुष्टात आला. त्याच वर्षी मध्य व दक्षिण भारतात बीटी कापसाच्या लागवडीस मान्यता मिळाली. हमीचा खरीददार जाणे आणि महागडे बियाणे येणे यांची गाठ एकाच हंगामात पडावी, हा योग वऱ्हाडसाठी दुर्दैवी ठरला. २००६ च्या जून-जुलैमध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. तिचा भर कर्ज, व्याज आणि सिंचन यांवर होता.

बेलोऱ्याचा विचार

वऱ्हाडने या संकटास दिलेले वैचारिक उत्तर अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथून आले. सुभाष पाळेकर यांनी कृषी पदवी घेऊन रासायनिक शेती केली, १९८५ च्या सुमारास उत्पन्न घटू लागल्यावर जंगलातील झाडे खताविना कशी वाढतात याचे निरीक्षण केले, आणि त्यातून नैसर्गिक शेतीची पद्धती मांडली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आंध्र प्रदेशाने ती पद्धत राज्यव्यापी कार्यक्रम म्हणून स्वीकारली. दहा किलो देशी गाईचे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचे पीठ, मूठभर बांधावरची माती आणि २०० लिटर पाणी यांचे जीवामृत एकरभर जमिनीला पुरते, असे ते सांगतात.

श्टाइनर आणि पाळेकर यांच्यात साम्य शोधणे सोपे आहे : गाय केंद्रस्थानी, बाहेरून काही विकत न आणण्याचा आग्रह, शास्त्रज्ञांशी चाललेला वाद. २०१९ मध्ये राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीने या पद्धतीच्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याची भूमिका घेतली. पाळेकर स्वतः हे साम्य मान्य करीत नाहीत. सेंद्रिय, गांडूळखत आणि बायोडायनॅमिक या सर्वच पद्धतींवर त्यांनी टीका केली आहे. आमच्या मते भेद तत्त्वज्ञानापेक्षा हिशेबात अधिक आहे. पोयाकचा बायोडायनॅमिक मळा खर्च वाढवतो, कारण वाढीव खर्च भरून काढणारा भाव त्याच्या हाती आहे. बेलोऱ्याची पद्धत खर्च शून्यावर आणू पाहते, कारण भाव आपल्या हाती नाही हे तिने गृहीत धरले आहे. ‘शून्य’ हा शब्द त्या चळवळीच्या नावात यावा, यात वऱ्हाडच्या दीडशे वर्षांच्या बाजाराचा अनुभव आहे.

नावाच्या बाजूने काही करता येते काय, हा प्रश्न उरतो. भारतात भौगोलिक निर्देशनांचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. महाराष्ट्रातील ‘नाशिक व्हॅली वाईन’ला त्याखाली संरक्षण मिळाले, आणि वरूड-मोर्शीच्या बागाही ज्या नावाने आपले फळ विकतात, त्या नागपुरी संत्र्यालाही. कापसासाठी २०२० मध्ये ‘कस्तुरी कॉटन भारत’ हे नाव जाहीर झाले. धाग्याची लांबी, मजबुती, कचऱ्याचे प्रमाण तपासून गाठींना ते दिले जाते व गाठीचा माग काढण्याची सोय त्यात आहे. भेसळीच्या दृष्टीने हे १८६३ च्या कायद्याच्या कितीतरी पुढचे पाऊल होय. परंतु हे नाव सबंध देशाचे आहे, ऊमराहूनही विस्तृत. आणि मागोव्याचा प्रारंभ जिनिंग कारखान्यातील गाठीपासून होतो. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही आणि कोरडवाहू देशी कापूस खोल मुळांच्या बळावर तग धरतो, तेथील गावाचे नाव त्या गाठीवर येण्याची तरतूद त्या व्यवस्थेत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या एकेए मालिकेतील देशी वाणांचा धागा जिनात पोहोचतो, तेव्हा तो इतर कापसापासून वेगळा ठेवण्यासाठी निराळा ढीग, निराळी पाळी आणि निराळा खरीददार लागतो. बनी आणि जरी यांची सरमिसळ ज्या ठिकाणी झाली, ते ठिकाण हेच होते.